नऊ पॅडांवर हलगी

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. जाळावर धरलेल्या कातड्यातील ओल निघून जाते, ते ताणले जाते, आणि मगच कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्तीच्या फडात दुरून ऐकू येणारा तो कडक आवाज निघतो. आज मात्र वादक फडात नसून बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसला आहे, कारण त्याचे ठोके रोलँड कंपनीच्या एसपीडी-एसएक्स या, पॅडांवर काठी मारून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात साठवायचे आहेत. १९८५ साली आलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला आठ पॅड होते, पण स्वतःचा आवाज नव्हता. तो मिडीद्वारे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या डिजिटल भाषेतून, दुसऱ्या यंत्राला केवळ संकेत पाठवत असे. त्याच घराण्यातील या यंत्राला नऊ पॅड आहेत आणि बाहेरचा आवाज मुद्रित करून तो हव्या त्या पॅडवर बसवता येतो.

मिक्सरमधून येणारा आवाज यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते. पातळी मुद्दाम थोडी कमी ठेवली आहे, कारण जोरकस ठोक्याचे टोक एकदा छाटले गेले की ते नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. खरी घाई मात्र कातड्याची आहे. हलगी निवत जाते तसतसा तिचा सूर उतरतो, म्हणून जाड टिपरूचा मधला ठोका, काठावरचा ठोका, बारीक काडीची तडतड आणि दाबून घेतलेला बंद ठोका हे सर्व एकाच शेकणीत घ्यावे लागतात. अन्यथा शेजारशेजारचे दोन पॅड दोन वेगळ्या हलग्यांसारखे बोलतात.

यानंतरचे काम पडद्यावरच्या लहरीवर चालते. ठोक्याच्या आधीची शांतता कापून आरंभबिंदू अगदी लहरीच्या उगमाशी आणला जातो, कारण तेथे काही मिलिसेकंद जरी शिल्लक राहिले तरी वादकाच्या हाताला यंत्र मागे पडल्याचे जाणवते. शेवट कापताना उलट संयम लागतो: गुंज मध्येच तोडली तर ‘टक्’ असा उपरा आवाज येतो. एका पॅडवर दोन ध्वनी ठेवता येत असल्याने हलक्या आणि जोरदार आघातासाठी वेगवेगळे ठोके योजले आहेत. एकच मुद्रण नुसते लहानमोठे करून वाजवले की ऐकणाऱ्याला नक्कल लगेच कळते. खुला आणि बंद ठोका एकाच म्यूट गटात ठेवल्यामुळे बंद ठोका पडताच खुल्याची गुंज थांबते, आणि हलगीवर तळहात ठेवल्यावर नेमके हेच घडते.

अशा संचामुळे ऑर्केस्ट्रातील एकच वादक अनेक वाद्यांची बाजू सांभाळतो आणि हलगीवाल्याची सुपारी जाऊ शकते, हेही खरे आहे.

तरीही आयते, कोणी वाजवले हे न सांगणारे ध्वनी उतरवून घेण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला सरळ वाटतो. येथे वादक स्वतः हेडफोन लावून प्रत्येक पॅड तपासतो आणि काठावरचा ठोका त्याला पसंत नसल्याने हलगी पुन्हा जाळावर जाते. अर्थात त्यामुळे आधी घेतलेले बाकीचे ठोकेही नव्याने घेणे आले. संगणकात ठेवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात आधी वादकाचे नाव आणि नंतर ठोक्याचे नाव लिहिले आहे, आणि संच दुसऱ्या कोणाला द्यायचा झाल्यास मोबदला किती व कोणाला, हे मुद्रणापूर्वीच कागदावर ठरले आहे.