लिनक्सच्या कामाला हात लावायचा तर

श्रोतेहो, नमस्कार.

सातपूरच्या एका कारखान्यात मी मशीन मेंटेनन्स बघतो आणि उरलेल्या वेळात लिनक्स कर्नेलसाठी बिनपगारी काम करतो. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला दुवा; तो मुख्यतः सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. नाशिकमधली पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगची, मुक्त विद्यापीठातून शिकणारी मुलं भेटली की विचारतात, "दादा, यात शिरायचं कसं? सी लँग्वेज किती यायला हवी?" आज त्यांच्याशीच बोलायचं ठरवून आलोय.

लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत होता, वय २१. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने जाहीर केलं की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पुढच्याच वर्षी ती जीपीएल लायसन्सखाली आली. कोड कुणीही वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा. मात्र बदललेली आवृत्ती दुसऱ्याला दिलीत, तर तिचा कोडही द्यायचा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी हेच कर्नेल आहे.

यातलं बहुतेक काम आज कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. तरी बाहेरच्या माणसाला दार उघडं आहे. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिवास पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. प्रोसेसरचा वेळ कुठल्या प्रोग्रामला किती द्यायचा हे ठरवणाऱ्या भागावर, म्हणजे शेड्युलरवर, त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २००७ मध्ये त्यांचा शेड्युलर न घेता इंगो मोल्नार यांचा घेतला गेला आणि कोलिवास बाजूला झाले. सगळ्या प्रोग्रामना प्रोसेसरचा न्याय्य वाटा देता येतो हे कोलिवास यांनी दाखवून दिलं, असं श्रेय मोल्नार यांनी जाहीरपणे दिलं. या गोष्टीची मला अजून हळहळ वाटते. तरी मुलांना ती मुद्दाम सांगतो, कारण तुमचा कोड नाकारला जाऊ शकतो आणि तुमचं काम तरीही उपयोगी पडलेलं असू शकतं.

आता वाट. माझं मत ठाम आहे: सुरुवात कोड लिहिण्यापासून करू नका, बिघाड शोधण्यापासून करा.

साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नेल येतं आणि त्यात दहा हजारांच्या वर बदल असतात. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतात, मग आरसी-१ (रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्क्या आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती) निघते, आणि त्यानंतर बहुधा दर रविवारी पुढची आरसी. ही कच्ची आवृत्ती तऱ्हेतऱ्हेच्या मशीनवर कुणीतरी चालवून बघायला हवी. समजा तुम्ही ती लॅपटॉपवर चढवली आणि काल चालणारा हेडफोनचा माइक आज बंद. याला रिग्रेशन म्हणतात. वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम बंद पडता कामा नये, या नियमावर टोरवाल्ड्स अडून बसतात. त्यामुळे असा बिघाड नेमका दाखवून दिलात, तर नवख्याचंही ऐकलं जातं.

नेमका दाखवायचा कसा? आम्ही कारखान्यात लांब वायरिंगमधला फॉल्ट शोधताना मधोमध मीटर लावतो. तिथपर्यंत सप्लाय येत असेल तर पुढचा अर्धा भाग बघायचा, नसेल तर मागचा. कर्नेलच्या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट या प्रोग्राममध्ये ठेवतात; त्यातली बायसेक्ट ही कमांड हेच करते. माइक चालत होता ती आवृत्ती 'गुड', बंद पडला ती 'बॅड'. गिट त्या दोहोंच्या मधोमधचा एक बदल काढून देतं. तिथपर्यंतचा कोड कंपाइल करा, म्हणजे त्याचं मशीनवर चालणारं कर्नेल बनवा, मशीन रीस्टार्ट करा, माइक बघा, गुड किंवा बॅड सांगा. पुन्हा अर्धं. १४ हजार बदलांमधून दोषी बदल साधारण १४ फेऱ्यांत हाताशी येतो. सी लँग्वेजची एक ओळ न लिहिता!

जुन्या मशीनवर सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणारे कोडचे भाग, कंपाइल करत बसलात तर एकेका फेरीला रात्र जाईल. त्याआधी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड चालवा. त्या क्षणी लोड झालेले ड्रायव्हर तेवढे यादीत राहतात आणि वेळ कितीतरी वाचतो. फक्त पेन ड्राइव्ह, प्रिंटर, जे काही वापरता ते आधी जोडून ठेवा; नाहीतर त्यांचे ड्रायव्हर गळतात. दोषी बदल सापडला की तो एकटा उलटवून माइक परत चालतो का, तेही बघा.

मग कर्नेलच्या कोडसोबत येणारी 'मेंटेनर्स' नावाची फाइल उघडा. कुठला भाग कोण सांभाळतं ते तिच्यात असतं. साध्या मजकुराची ई-मेल लिहा: कुठलं मशीन, कुठली आवृत्ती, कुठला बदल. इंग्रजी साधं चालतं. निफाड-दिंडोरीकडून मराठी शाळेत शिकून आलेली मुलं इथेच कचरतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मेंटेनरला तुमच्याकडून माहिती हवी असते. दुरुस्ती झाली की तिच्याखाली 'रिपोर्टेड-बाय' म्हणून सहसा तुमचं नाव लागतं, आणि ते कर्नेलच्या इतिहासात कायमचं राहतं.

स्वतःचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला तुम्ही सुचवलेला बदल, तोही याच वाटेवर भेटतो. लॅपटॉपच्या आवाजासाठी कर्नेलमध्ये लांबलचक तक्ते आहेत. एका ओळीत मशीनचा ओळख-क्रमांक, नाव आणि त्याला लागणारी दुरुस्ती. कित्येकांचा पहिला पॅच म्हणजे अशी एक ओळ. ओळ क्रमांकाच्या क्रमानेच घालायची. सोबतच्या मजकुरात हा बदल का हवा ते लिहायचं, आणि खाली 'साइन्ड-ऑफ-बाय': हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती सही. ही पद्धत २००४ पासून आहे.

नुसतं नाव लागावं म्हणून कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारणारे पॅच पाठवू नका. तपासणाऱ्याचा वेळ जातो आणि तुम्हाला काही समजत नाही. स्वतःच्या मशीनवर तपासता येईल तेच पाठवा. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा. बदल सुचवले तर ते करून 'व्ही-२', म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, पाठवा आणि पहिल्यापेक्षा काय वेगळं केलं ते लिहा.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर फाइलींचा बॅकअप घेऊन पुढची आरसी त्याच्यावर चढवा. माइक, वाय-फाय, झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं आधी बघा.

नमस्कार.