किल्ली कुणाकडे?

मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी काढली, त्यामुळे क्रीडा संकुल म्हटलं की तुम्हाला खेळाडू दिसतात, मला आधी फाईल दिसते. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, आणि वर्कऑर्डर निघायच्या आत आचारसंहिता लागली की सगळं ठप्प. ते सोडा, आमच्या पहिल्या बॅडमिंटन हॉलचं सांगतो.

कोर्ट एकदम मापात, 13.40 बाय 6.10 मीटर. पण कोर्ट बसलं म्हणजे हॉल झाला असं नसतं ना, चारी बाजूंनी मोकळी जागा लागते, वर उंची लागते, मोठ्या स्पर्धांना तर 12 मीटर. आम्ही सात धरली, कारण सातमध्ये पैसे बसत होते! उंच मारलेलं शटल छताच्या लोखंडी ट्रसला लागून खाली. त्यात हौसेने दोन्ही टोकांच्या भिंतींना मोठ्या खिडक्या ठेवल्या, उजेड यावा म्हणून, आणि भिंती पांढऱ्याशुभ्र, उद्घाटनाच्या फोटोत काय मस्त दिसल्या. सकाळी खेळायला गेलं की समोरून डोळ्यात ऊन आणि मागे पांढरी भिंत, पांढरं शटल दिसणार कसं? शेवटी पोरांनीच काचांना पेपर चिकटवले.

रॅम्पचं तर विचारूच नका. एक फूट चढायला बारा फूट लांबी, साधा हिशोब आहे, म्हणजे दोन फुटी जोत्याला चोवीस फूट. आम्ही आठ फुटांत उरकला. त्यावरून व्हीलचेअर कधी गेली नाही, कॅटरिंगवाल्याचे टोप मात्र जायचे, लग्नाला भाड्याने देत होतो ना हॉल. लाकडी फ्लोअरिंगवर पंगती, पाणी सांडतंय, दुसऱ्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या.

दुसऱ्या हॉलच्या वेळी मी नकाशा काढायच्या आधी तीन संध्याकाळी नुसता मैदानाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. खो-खोच्या मुली दिवेलागणीला निघून जायच्या, मुलं नऊपर्यंत. मला वाटलं घरून परवानगी नसेल. एकीला विचारलं तर म्हणाली, काका, टॉयलेट तिकडे मागे आहे, तिथे लाईट नाही. बस, एवढंच कारण! नव्या नकाशात टॉयलेट पुढे आणलं, वॉचमनच्या खोलीसमोर, तर आर्किटेक्ट नाराज, दर्शनी बाजू बिघडते म्हणे. म्हटलं बिघडू दे.

आणि अंदाजपत्रकाला मी एक साधा कागद जोडला. पहाटे साडेपाचला कुलूप कोण उघडणार, लाईट बिल बजेटच्या कुठल्या हेडमधून जाणार, ट्यूब गेली तर कुणाला फोन करायचा. साहेब म्हणाले, हे एस्टिमेटमध्ये कशाला? मी म्हटलं, साहेब, पहिल्या हॉलची किल्ली आत्ता कुणाकडे आहे सांगा. त्यांनी शिपायाला विचारलं, शिपायाने क्लार्कला, क्लार्कने कुणाला तरी फोन लावला. किल्ली पानटपरीवर होती.