पांगच्या पुढे, टांगलांग ला-च्या अलीकडे

[दृश्य : नजर पोहोचेल तिथवर सरळ डांबरी रस्ता. दोन्ही अंगांना तपकिरी डोंगर. फक्त वाऱ्याचा आवाज.]

आधीच सांगून टाकतो, मनाली-लेह रस्त्यावर मी मोटारसायकलवरून पडलो, पण या फिल्ममध्ये पडण्याचा शॉट नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची बॅटरी लाचुलुंग ला-च्या (ला म्हणजे खिंड) थंडीतच गतप्राण झाली होती. तेवढंच बघायला आला असाल, तर इथेच थांबलात तरी माझी हरकत नाही. पडायला दोन सेकंद पुरतात. त्यानंतरचे तास कुणी दाखवत नाही आणि मला ते तासच सांगायचे आहेत.

सातारा ते मनाली हा भाग मी गाळतोय. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड. ऊन, ट्रकांची रांग, सकाळचे पोहे-जिलेबी आणि प्रत्येक ढाब्यावर तोच प्रश्न : "अकेले?" एकट्यानं जाणाऱ्याला हा प्रश्न हळूहळू आवडायला लागतो, हेही खरं. उत्तर देताना मान जरा ताठ होते.

[दृश्य : अटल बोगद्याचं तोंड, मग उजेडात उघडणारं लाहौल.]

रोहतांगची चढण आता बहुतेकजण चढत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२० पासून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. एका तोंडाला हिरवी मनाली, दुसऱ्या तोंडाला कोरडं लाहौल. पुढे टांडीचा पेट्रोल पंप. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे आणि तिच्याजवळ फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. मीही काढला. पाच लिटरचा कॅन भरला आणि केलाँग, जिस्पा, दारचा करत बारालाचा ला पार केला.

या रस्त्याची भीती घालणारे लोक ठरावीक जागांची नावं घेतात. दुपारनंतर बर्फ वितळून फुगणारे झिंगझिंगबारचे नाले. बारालाचाचा बर्फ. सरचूनंतरचे गाटा लूप्स, म्हणजे एकावर एक रचलेली २१ वळणं. तिथे एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. दंतकथा अशी की, हिवाळा तोंडावर आलेला असताना एक ट्रक बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत गेला, आजारी क्लीनर गाडीपाशी राहिला. मग बर्फ पडलं, रस्ता मिटला आणि मदत पोहोचली तेव्हा फार उशीर झाला होता. तो अजून पाणी मागतो म्हणून लोक बाटल्या ठेवतात, कुणी सिगारेटही ठेवतं. भूत असो-नसो, मला ती गोष्ट भुताची वाटत नाही. ती वाट बघण्याची आहे.

हे सगळं मी धडधाकट पार केलं. नाल्यात बूट भिजले, लाचुलुंग ला-वर डोकं ठणकलं, तेवढंच. पांगला एका तंबूतल्या ढाब्यात राजमा-चावल खाल्ला. ढाबेवाल्या अमालेंनी (लडाखीत आईला अमाले म्हणतात) वर काळा चहा दिला आणि म्हणाल्या, "अब तो आगे सीधा रोड है."

[दृश्य : मोरे प्लेन्स. रस्त्यावरून सरपटत जाणारी वाळू.]

पांगच्या वरचा चढ संपला की मोरे प्लेन्स सुरू होतात. ४,६०० ते ४,७०० मीटर उंचीवरचं, सुमारे चाळीस किलोमीटरचं पठार. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हेलपाटणाऱ्या गाडीला इथे अचानक गुळगुळीत डांबर मिळतं. गाडी आपोआप चौथ्यात जाते. खांदे सैल होतात. दूरवर जंगली गाढवं, कियांग, दिसतात. माझा काटा साठ-पासष्टच्या मध्ये होता, म्हणजे त्या रस्त्याच्या मानानं फार काही नाही.

दुपारी या पठारावर वारा उठतो आणि आडवा वाहतो. बाजूची रेती उचलून डांबरावर आणून टाकतो. ऊन समोर असलं की डांबर आणि रेती यांचा रंग एकच होतो. पुढचं चाक त्यात शिरलं, हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो. गाडी माझ्या पुढे घसरत गेली. पॅनिअर, म्हणजे बाजूची सामानाची पेटी, सुटून पार खालच्या रेतीत.

श्वास घेता येईना. पाठीवर पडून मी आकाश बघत होतो. डावा हात हलवला की खांद्यापाशी काहीतरी करकरायचं. मोबाईलला रेंज नव्हती. तशीही इथे बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. पण त्या पट्ट्यात पोस्टपेडचाही उपयोग नव्हता. ११२, १०८ हे आकडे पाठ असून करायचं काय?

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं 'गोल्डन अवर'ची व्याख्या आली. गंभीर इजा झाल्यापासूनचा एक तास, ज्यात वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मोरे प्लेन्सवर त्या तासात जेमतेम पहिली गाडी यायची.

[दृश्य : धुळीच्या लोटातून पुढे येणारा टँकर.]

ती आली. लेहला डिझेल उतरवून रिकामा परत निघालेला टँकर. ड्रायव्हर मंडीकडचा. त्यानं उतरताच मला उचललं नाही, हे त्याचे माझ्यावरचे पहिले उपकार. आधी पायाची बोटं हलवायला लावली. मग मान दुखते का विचारलं. मी हेल्मेट ओढायला गेलो तर माझा हात धरला. "रहने दो भाई, अभी नहीं." मानेला मार असेल तर घाईघाईनं ओढलेलं हेल्मेट माणसाला कायमचं लुळं करू शकतं. हे त्याला कुणी शिकवलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, या रस्त्यावर बरीच वर्षं झाली.

थोड्या अंतरावर सीमा सडक संघटनेचं काम चालू होतं. तिथले दोन मजूर धावत आले. धावत हा शब्द मी जपून वापरतोय. तिथल्या हवेत ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, जिना चढावा तशी धाप सपाटीवर चालताना लागते. दोघे झारखंडचे, दुमका भागातले. लडाखच्या या रस्त्यांवर डांबराच्या पिंपांशी झुंजणाऱ्यांत त्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण मात्र व्हिडिओत मजुरांना ओलांडून डोंगर दाखवतो. एकानं माझं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं, टँकरवाल्यानं पट्टा सोडून हेल्मेट हळूहळू काढलं. दुसऱ्यानं आपल्या गमछाची झोळी करून माझा हात छातीशी बांधला. लेहच्या डॉक्टरांनी तो गमछा सोडताना म्हटलं, बांधलंय नीट.

टँकरवाल्यानं एकच गोष्ट विचारली, "केस-वेस तो नहीं बनेगा ना?" सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. २०१९ पासून ते कलम १३४ अ म्हणून कायद्यातही आहे : नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीची सक्ती नाही. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. माहीत नसताना तो थांबला होता.

[दृश्य : पांगचे तंबू, मागे सैन्याची वसाहत.]

टँकरचं तोंड मनालीकडे होतं म्हणून आम्ही मागे पांगला आलो. तिथे सैन्याचा तळ आहे, वैद्यकीय मदत मिळते. बोटाला ऑक्सिमीटर लावला. तो आकडा पुण्यात कुणाचा आला तर घरचे थेट आयसीयू गाठतील. तिथे धडधाकट माणसाचाही जवळपास तेवढाच असतो. पण मला उलटी झाली, डोकं फुटेल असं दुखू लागलं आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

डोक्याला मार लागला की डोकेदुखी, उलटी, भोवळ, गोंधळ. विरळ हवा बाधली की डोकेदुखी, उलटी, भोवळ, गोंधळ. बाहेरून दोन्ही सारखीच. डॉक्टर मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते : नाव, वार, कुठून निघालास, पडण्याच्या आधीचं शेवटचं काय आठवतं. मला राजमा आठवत होता. ऑक्सिजन लावला. पण नक्की काय ते सीटी स्कॅनशिवाय ठरणार नव्हतं आणि स्कॅन लेहला.

दोन्हींसाठी खाली उतरणं भाग होतं : विरळ हवेवर पहिला उपाय तोच आणि डोक्याचा स्कॅनही खालीच. आता नकाशा बघा.

[दृश्य : नकाशा. पांगपासून दोन्ही दिशांना चढत जाणारी रेघ.]

मनालीकडे जावं तर लाचुलुंग ला, ५,००० मीटरच्या वर. लेहकडे जावं तर टांगलांग ला, ५,३०० मीटरच्या वर. लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे खाली. पण पावणेदोनशे किलोमीटरच्या त्या वाटेत आधी अजून सातशे मीटर वर चढायचं. खाली उतरण्यासाठी वर चढायला लागणारी ही जागा आहे. गाटा लूप्सची, नाल्यांची भीती घालणाऱ्या एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. जागा अवघड की सोपी हे आपण फक्त चालवणाऱ्याच्या नजरेनं ठरवतो, आडवं झाल्यावर हिशेब पार बदलतो.

ऑक्सिजनचा सिलिंडर लावलेल्या गाडीतून निघालो. मी पडलो ती जागा पुन्हा लागली. माझी हिमालयन मोटारसायकल रस्त्याकडेला उभी करून ठेवलेली होती, मजुरांनीच. टांगलांग ला-वर पताका फडफडत होत्या, लोक फोटो काढत होते. मी काचेतून बघितलं आणि परत उलटी केली. रुमत्सेपाशी पहिली हिरवी शेतं दिसली, उपशीला सिंधू. तोवर डोकं निम्मं उतरलं होतं, म्हणजे बराचसा दोष हवेचाच असावा.

लेहला सरकारी रुग्णालयात स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव नाही. डावं हंसळीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मधोमध मोडलं होतं आणि दोन बरगड्यांना चीर. खांद्यावर पडणाऱ्या दुचाकीस्वाराचं हे ठरलेलं हाड, आघात तिथे येऊन थांबतो. डॉक्टरांनी हेल्मेट मागवून घेतलं आणि आतला थर्मोकोलसारखा थर दाखवला. डावीकडे तो दबून पातळ झाला होता. तो परत फुगत नाही, एकदाच कामाला येतो. बाहेरून फक्त ओरखडा होता, आपल्याकडे असं हेल्मेट सर्रास धाकट्या भावाला दिलं जातं.

हेल्मेटच्या या सगळ्या विद्येची सुरुवातही एका अपघातात आहे. टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानवाला, मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याला ते मरण डाचत राहिलं. १९४१ मध्ये त्यानं मोटारसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांवर निबंध लिहिला आणि हेल्मेटची बाजू मांडली.

[दृश्य : लेहच्या हॉस्पिटलचा व्हरांडा. गळ्यात झोळी.]

फोन लागला तेव्हा दादानं उचलला. मी म्हटलं, पडलोय, ठीक आहे. तो गप्प. मग मागून आईचा आवाज, "त्याला विचार, जेवलास का?" पुढची दहा मिनिटं मी काय जेवलो यावरच गेली. हाडाचा विषय दुसऱ्या दिवशी निघाला.

विमानानं लगेच निघता आलं नाही. बरगडीला मार असला की फुप्फुसाबाहेर हवा साठलेली नाही ना हे आधी बघतात, कारण उंचीवर ती हवा प्रसरण पावते. छातीचा एक्स-रे पुन्हा काढला, मग परवानगी. हंसळीला प्लेट घालायची की झोळीवर भागवायचं, यावर लेहचं मत एक, साताऱ्याचं दुसरं. शेवटी झोळीच. हाड जुळलं, जरा उंचवटा ठेवून. सॅकचा पट्टा आता तिथे बसत नाही.

खर्चाचं विचाराल तर आता रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे, मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली : सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. माझ्या वेळी नव्हती. गाडी एका पिकअपमधून लेहला आली. पोलिसांत नोंद, विम्याच्या सर्व्हेअरचे फोटो, मग ट्रकनं चंदीगड आणि तिथून रेल्वे पार्सल. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. टांडीला भरलेलं, डोंगर ओलांडून नेलेलं ते पेट्रोल मी लेहमध्ये एका टॅक्सीवाल्याला देऊन टाकलं.

[दृश्य : साताऱ्यातलं गॅरेज. पुढचं चाक काढलेली गाडी.]

मजुरांचे नंबर घ्यायचे राहिले, एकाकडे फोनच नव्हता. टँकरवाल्याचा आहे. दिवाळीला त्याचा फोन आला. पोलिसांचं काही आलं नाही ना, हे त्यानं अजून एकदा विचारलं आणि मी कलम १३४ अ अजून एकदा समजावलं. तो "हां हां" म्हणाला, पटलं असं वाटलं नाही. मग म्हणाला, "गाड़ी बनी?" म्हटलं, पुढचे फोर्क पाइप वाकलेत, नवे मागवलेत, मिस्त्री रोज उद्याचा वायदा देतो. "मिस्त्री सब जगह एक जैसे," तो म्हणाला आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला म्हणून त्यानं फोन ठेवला.