कुठली गाडी, कुठवर?

[दृश्य: पहाटेचं धुकं. आंबेनळी घाटातलं एक वळण. ओल्या डांबरावर चालणाऱ्या दोन माणसांच्या पावलांचा आवाज.]

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा हा आंबेनळी घाट. अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. वर महाबळेश्वर, सुमारे 1,350 मीटर उंचीवर. खाली सावित्रीच्या काठी पोलादपूर. मधे मेटतळे, वाडा कुंभरोशी, प्रतापगडाचा फाटा. एरवी इथून एसटी जाते, सहलीच्या गाड्या जातात, भाजीचे टेम्पो जातात, आणि रस्त्याकडे कुणी फारसं पाहत नाही.

2021 च्या जुलैत पाहावं लागलं.

23 जुलैच्या सकाळी महाबळेश्वरात मागच्या 24 तासांचा पाऊस मोजला, तो 594 मिलिमीटर भरला. याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सरासरीने अख्ख्या वर्षातही एवढा पाऊस होत नाही. हे पाणी डोंगराच्या दोन्ही अंगांनी उतरलं. पूर्वेकडचं कृष्णा-कोयनेतून कराड, सांगलीकडे गेलं. पश्चिमेकडचं सावित्रीतून पोलादपूर आणि महाडवर गेलं. तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. 22 तारखेला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि 80 हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या.

अन्न, पाणी, ताडपत्री, औषधं कोकणात न्यायची होती, आणि ज्या पावसाने कोकण बुडवलं त्यानेच कोकणात उतरणाऱ्या वाटा मोडल्या होत्या. आंबेनळीत जागोजागी दरडी पडलेल्या, काही ठिकाणी रस्ताच दरीत गेलेला. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट बंद. चिपळूणला वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग कोसळलेला. कोल्हापूरजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलेलं. तळियेला जायच्या वाटेवरही एकीकडे पुराचं पाणी आणि दुसरीकडे दरडीचा मलबा होता. बचाव पथकं गावात पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

अशा वेळी वरच्या गावांतून फोनवर एकच प्रश्न येतो: "घाट चालू आहे का?"

विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. त्याच्या दारात भरलेला ट्रक उभा असतो. पण 'चालू आहे' किंवा 'बंद आहे' एवढ्या उत्तरावर ट्रक घाटात घालता येत नाही. कुठली गाडी, किती वजन घेऊन, किती वाजता आणि कुठवर, एवढं कळलं पाहिजे. आणि ते कळायला कुणीतरी आधी तो रस्ता पायी चालून यावं लागतं.

[दृश्य: पुढे चालणारे दोघे. एकाच्या हातात टेप आणि वही, दुसऱ्याच्या खांद्यावर पहार.]

वही घेतलेले अभियंते. पहार घेतलेले काका पूर्वी याच घाटाचे मैलकामगार होते. ठरलेल्या टापूत रोज फिरायचं, गटार मोकळं ठेवायचं, रस्त्याखालच्या मोरीत अडकलेली फांदी काढायची, पडलेला धोंडा बाजूला सारायचा, हे मैलकामगाराचं काम. आता असा मैलकामगार घाटात क्वचितच भेटतो. पण कुठल्या वळणावर कुठल्या बाजूने पाणी येतं, ते कागदावर नसतं. ते काकांकडे आहे.

पाहणी डोंगराच्या बाजूने सुरू होते. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा, चिकट थर असतो. कातळाच्या भेगांतून झिरपत आलेलं पाणी त्या थराशी अडतं आणि आडवं वाहायला लागतं. वरची माती भिजून जड होते. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पाया आपण कापलेला. म्हणून नवा झरा दिसला की दोघेही थांबतात. झाड डोंगराकडून रस्त्याकडे कललंय का, जुन्या दरडीतले दगड ताजे फुटलेत का, हे बघतात.

एका संरक्षक भिंतीपाशी काका खाली बसले. भिंतीला पाणी जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. एका भोकातून आलेलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि आम्हाला दाखवलं. चहासारखं.

"साहेब, काल हितलं पानी नितळ हुतं."

नितळ पाणी म्हणजे भिंत आपलं काम करते आहे. गढूळ पाणी म्हणजे भिंतीमागची माती पाण्याबरोबर निघाली आहे. आत पोकळी होते आहे आणि ती रस्त्यावरून दिसत नाही. वहीत लिहिलं गेलं: भिंत, दरीकडची बाजू, गढूळ पाणी, जड वाहन नको.

[दृश्य: रस्त्यावरची भेग, अगदी जवळून. तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या खुणा.]

ही भेग नीट बघा. डांबर जुनं झालं की वेड्यावाकड्या भेगा पडतातच, त्यांची एवढी धास्ती नसते. ही भेग दरीच्या कडेला समांतर आहे, लांब आहे आणि किंचित कमानीसारखी वळलेली आहे. म्हणजे रस्त्याची बाहेरची कड भरावासकट सुटायला लागली आहे. भेगेच्या अलीकडे-पलीकडे दोन खुणा करायच्या, टेपने अंतर घ्यायचं, वेळ लिहायची. काही तासांनी पुन्हा मोजायचं. अंतर वाढलं असेल तर त्या कडेवर कुठलीच गाडी घालायची नाही.

मग उरलेली रुंदी. एका वेळी एकच गाडी मावेल अशा रस्त्याचं डांबर 3.75 मीटरचं धरतात. ट्रक अडीच मीटर रुंद असतो. दरीकडची एक मीटर कड खचली, तर चाकाच्या बाहेर वीतभर जागा राहते, आणि वळणावर मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापतं. त्यामुळे सरळ रस्त्यावर मावणारी गाडी वळणावर मावेलच असं नाही.

वजनाचा हिशेब साधा आहे, पण घाईत तो कुणी करत नाही. एक लिटरच्या बारा बाटल्यांचा एक खोका, वजन 12 किलो. हजार खोके म्हणजे 12 टन. दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकचं मालासकट वजन कायद्याने 18.5 टनांपर्यंत जाऊ शकतं आणि त्यातले 11.5 टनांपर्यंत एकट्या मागच्या आसावर येतात. पोकळ झालेल्या भरावावर तो आस आला की काय होईल ते सांगायला नको. तेच पाणी 'छोटा हत्ती' म्हणतात त्या लहान टेम्पोत पाऊण टनाच्या आत, म्हणजे साठ-साठ खोके नेलं तर सतरा खेपा होतात. वेळ जातो, डिझेल जातं. पण पाणी पोहोचतं आणि रस्ता उरतो.

पुलांना आणि मोऱ्यांना वरून बघून भागत नाही. महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि माणसं अंधारात नदीत गेली. तो दिवस कोकण विसरलेलं नाही, आम्हीही विसरू शकत नाही. पुराचं पाणी पायाजवळची माती आणि दगड खरवडून नेतं, वरचं डांबर मात्र जसंच्या तसं दिसतं. म्हणून पाणी ओसरल्यावर खाली उतरायचं, पाया उघडा पडलाय का बघायचं, खांबाला अडकलेली झाडं काढायची. मोरी तुंबली असेल तर पाणी रस्त्यावरून वाहतं आणि खालचा भराव धुऊन नेतं. पहार खरी उपयोगी पडते ती इथे.

[दृश्य: दरडीचा मलबा. पोकलेन काम करतंय. मागे उभी वाहनं.]

मलबा काढणं हेही सरसकट काम नाही. दरडीचा पायथा उपसला की वरचा भाग पुन्हा घसरतो. त्यामुळे एक माणूस फक्त वर नजर ठेवून शिट्टी घेऊन उभा असतो. आणि नेमक्या अशा वेळी मागून मोठे ट्रक आले तर पोकलेनला डंपर मिळत नाही, रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही. मोठी गाडी घाटात वळवायची कुठे? धुक्यात, दरीच्या कडेने, दोन किलोमीटर उलटी न्यायची? म्हणून वहीत 'गाडी वळवण्याची जागा' असा एक रकाना असतो. मदत वाहतुकीसाठी हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

वाडीतल्या एका आजींनी आम्हाला विचारलं, "एसटी सुरू झाली का रं?" गावाकडे रस्त्याची परीक्षा हीच. लाल गाडी गेली की रस्ता चालू. या विश्वासाचा मान राखून सांगावंसं वाटतं, की एसटी मोठ्या रस्त्याने फाट्यापर्यंत येईल. फाट्यापासून वाडीपर्यंतचा अरुंद चढ, त्यातली छोटी मोरी, पावसात वाहून गेलेली साइडपट्टी यांची पाहणी वेगळी करावी लागते. दरडी बहुतेकदा त्याच टोकाच्या वाड्यांवर येतात. तिथवर शेवटी डोक्यावरूनच ओझं जाणार असेल, तर पोती 50 किलोची नकोत, 10-10 किलोच्या पिशव्या हव्यात. हे वरच्या शहरात, माल भरतानाच कळलं पाहिजे.

[दृश्य: संध्याकाळ. चहाच्या टपरीत वही उघडी. बाहेर दोन छोटे टेम्पो उभे.]

दिवसभराच्या चालीनंतर वहीत निरोप तयार झाला. लहान गाडी, पाऊण टनाच्या आत. सकाळी सात ते दुपारी चार. दुपारी बारापर्यंत फक्त उतरणाऱ्या गाड्या, नंतर फक्त चढणाऱ्या. भिंतीच्या वळणावर माणसाने खाली उतरून गाडीला वाट दाखवायची. रात्री जोराचा पाऊस झाला तर सगळं रद्द, सकाळी पुन्हा पाहणी.

घाटात फोनला रेंज नव्हती. टेम्पोच्या चालकाने निरोपाचा कागद काचेच्या आतून चिकटवला.

काका टेप घेऊन पुन्हा भेगेकडे निघाले होते.