आषाढातली उचल

मेळघाट हे विदर्भाचं उत्तरेकडचं टोक. परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागा दिसतात, मग घाट सुरू होतो. घटांग, सेमाडोह, हरिसाल मागे टाकत रस्ता धारणीला जातो आणि पुढे तापी आली की मध्य प्रदेश. १९७४ साली इथं व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. बहुतेक पाहुणे वाघासाठी येतात. आपण मात्र डांबरी रस्ता सोडून आत वळतोय.

हे कोरकू आदिवासींचं गाव. समोरासमोर घरांच्या दोन रांगा आणि मधून वाट. बांबूच्या ताट्यांच्या भिंती, माती-शेणानं लिंपलेल्या. यातल्या एका घरात सात माणसं राहतात: नवरा-बायको, चार लेकरं आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्यांची नावं आणि गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. ही माणसं देणेकरी आहेत, आणि ज्याचे पैसे देणं आहे त्याच्याच ट्रकमध्ये त्यांना दिवाळीनंतर बसायचं आहे.

महिना आषाढाचा. पेरणी झाली, निंदण सुरू आहे. घरची ज्वारी आणि मका कधीच संपला. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. सात जणांत ते दिवसाला किलोभराच्या थोडं वर जातं. दिवसभर चिखलात वाकून काम केलेली दोन मोठी माणसं पोटभर जेवली, तर लेकरांना काय उरणार? म्हणून बाई सगळ्यांत शेवटी जेवते. धाकटं लेकरू अजून अंगावर पितं, म्हणजे तिच्या ताटातलं कमी झालेलं त्याच्याही वाट्यातून कमी होतं.

जंगल देतं ते ही माणसं घेतात, आणि त्यांना ते उत्तम कळतं. तरोट्याची कोवळी पानं, काटवलं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, पहिल्या पावसानंतर उगवणारे टेकोडे म्हणजे अळंब्या, नाल्यातले खेकडे. म्हातारी आजही कुठला टेकोडा खायचा आणि कुठला सोडायचा हे लांबूनच सांगते. पण भाजीनं पोटाला आधार होतो, भाकरीची जागा ती घेत नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचा पैसा उन्हाळ्यातला. तो बियाण्यात आणि खतात गेला.

अशात म्हातारीला ताप भरला. नाल्याला पूर होता, तो उतरेपर्यंत थांबावं लागलं. मग जीपचं भाडं, औषधं, सोबतच्या माणसाचं बाहेरचं जेवण. पैसे कोणाकडून आणायचे? आषाढात इथं पैसे देणारा एकच माणूस भेटतो: मजुरांना बाहेरगावी कामाला नेणारा मुकादम. त्यानं उचल दिली, म्हणजे पुढच्या मजुरीपोटी आगाऊ पैसे. कागद नाही, फक्त त्याच्या वहीत नोंद. त्या नोंदीबरोबर दिवाळी ते होळी या काळातली नवरा-बायकोची मजुरी आधीच विकली गेली.

मेळघाटातल्या भुकेबद्दल बोलताना आपण आजारी लेकराकडे पाहतो आणि तिथंच थांबतो. मला वाटतं, नजर या वहीकडे जायला हवी. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या तंगीसाठी हे घर हिवाळ्याचे चार महिने गहाण टाकतं. होळीला परत येतं तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं, कारण उचल आधीच वळती झालेली असते. पुढचा आषाढ पुन्हा रिकामाच येतो.

दिवाळीनंतर काय होतं ते ऐका. कधी अंजनगाव-अकोटकडे कापूस वेचायला, कधी वीटभट्टीवर. सगळं घर जातं. मागे राहते ती म्हातारी. मोठी पोरगी शाळा सोडून भावंडं सांभाळते. अंगणवाडीच्या वजनपत्रकात धाकट्याचे रकाने कोरे राहतात. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला एक वेळचं ताजं जेवण मिळावं म्हणून २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. चांगली योजना आहे. पण ते जेवण गावातल्या अंगणवाडीत शिजतं, आणि ही बाई कोसभर नाही, तालुक्याच्या पार बाहेर असते.

१९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयात याचिका गेली. १९९५ मध्ये आदिवासी भागातले बालमृत्यू रोखण्यासाठी नवसंजीवनी योजना आली. त्याच्याही आधी, १९७८ पासून, पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाच्या चुलीसाठी खावटी कर्ज होतं. म्हणजे आषाढात इथं काय घडतं हे सरकारला पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही गरजेच्या आठवड्यात दारात उभा राहतो तो मुकादमच. याचा राग यायला हवा. मला येतो.

या डोंगरात राहून ज्यांनी औषधं दिली, त्यांनाही औषधाच्या पलीकडे जावं लागलं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना चालवला आणि सोबत स्वतः शेतीतही उतरले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. घाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा हक्क, मिळाला. लोकांनी उघडा पडलेला डोंगर राखला, झाडं लावली, जंगलातली सीताफळं ग्रामसभेमार्फत थेट शहरात विकली. जंगलाचा पैसा गावात आला, गावात काम निघालं, आणि बाहेर जाणारी पावलं कमी झाली.

आपल्या घराकडे येऊ. यंदा या बाईनं नवऱ्याशी भांडून एक गोष्ट करून घेतली आहे. रोजगार हमीतून त्यांच्या उतारावरच्या वावरात बांध घालण्याचं काम मिळावं म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. कार्तिकात मस्टर, म्हणजे कामाचं हजेरीपत्रक, निघालं आणि मजुरी वेळेवर आली, तर ती लेकरांसह इथंच राहील, पोरगी शाळेत जाईल, आणि उचल फेडायला नवरा एकटा जाईल. नाही निघालं, तर सहा जणांची बोचकी बांधली जातील. मुकादमानं जोडप्याचे पैसे दिले आहेत. दिवाळीपर्यंत तो दोनदा विचारून गेलेला असेल. ग्रामपंचायतीतून अजून कोणी आलेलं नाही.