औट म्हणजे किती?

मंडळी, सुरुवातीला एक साधी गोष्ट विचारतो. तुमच्या घरातलं लहान मूल घड्याळाकडे बघून 'साडेएक वाजले' म्हणालं, तर तुम्ही काय करता? लगेच सांगता, 'साडेएक नाही रे, दीड.' 'साडेदोन' म्हणालं तर सांगता, 'अडीच म्हणावं.' पुढे ते 'साडेतीन' म्हणतं आणि आपण मान डोलावतो. आपल्या पणजोबांच्या वेळी मात्र तिथेही एक जुना शब्द कानावर यायचा. दीड, अडीच आणि औट. साडेतीनसाठी मराठीत खास शब्द होता, आणि त्याचा स्वतंत्र पाढाही होता, औटकी.

आजच्या व्याख्यानाचा विषय आयोजकांनी 'तीन' असा दिला आहे. मी तिनाबद्दल बोलणारच आहे. पण तीन या आकड्याभोवती मराठी माणसाने जे काही रचलं, ते बघता बघता मी या औटापाशी येऊन थांबलो, आणि बरीच वर्षं तिथेच आहे.

आधी तीन. घरापासून सुरुवात करू. चुलीला दगड किती? तीन. शेणाने सारवलेली जमीन कधी सपाट नसते. तिच्यावर चार पायांचं काहीही ठेवलं की एक पाय अधांतरी राहतो, आणि मग आपण कागदाची घडी करून त्याखाली सरकवतो. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, ती डगमगत नाही. कारण तीन टोकं जमिनीला नेहमीच एकदम टेकतात, जमीन कशीही असो. भूमिती न शिकलेल्या बाईने तीन दगड मांडले आणि त्यावर हंडा चढवला, तिला हे पक्कं ठाऊक होतं. शेतात या. पेरणीची तिफण, तिला तीन फण. वर चाडं, चाड्यातून खाली तीन नळ्या, मागून चालणारी बाई मूठ धरून बी सोडते आणि एका फेरीत तीन ओळी पडतात. गावात या. कोकणात तीन रस्ते मिळतात तो तिठा. मुंबई-गोवा रस्त्यावरचा हातखंबा तिठा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कोल्हापुरात तिला तिकटी म्हणतात, पापाची तिकटी तर सगळ्यांना माहीत आहे. बाजारात या. लिलावात 'एक वार, दोन वार, तीन वार' झालं की माल गेला, मग चौथी बोली कुणी ऐकत नाही. आचमन तीन वेळा, शांतिपाठात 'शांतिः' तीन वेळा, बेलाचं पान त्रिदळ. घर, दवाखाना आणि नोकरी यांच्यात धावणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, 'त्याची त्रिस्थळी यात्रा चालली आहे.' काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांचं नाव त्या बिचाऱ्याच्या धावपळीला मिळालं.

म्हणजे तीन हा टेकण्याचा, ठरण्याचा आकडा आहे. आणि तरीही आपण त्याला घाबरतो, हे मला फार कुतूहलाचं वाटतं.

'तीन तिगाडा, काम बिगाडा.' कामाचे तीनतेरा वाजतात. सलग तीन मुलगे झाल्यावर मुलगी झाली, किंवा तीन मुलींनंतर मुलगा झाला, तर त्रिकप्रसव शांती करायला सांगणारे लोक आजही आहेत. त्या बाळाचा काय दोष, हे कुणी विचारत नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्या तिठ्यावर एस्टी थांबते, त्याच तिठ्यावर रात्री कुणीतरी लिंबू आणि भाताचा उतारा ठेवून जातं. आणि पानात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत.

या पोळ्यांपाशी जरा थांबतो. माझी आजी दोन पोळ्या वाढायची, मग तिसरी घेऊन यायची आणि तिच्याबरोबर अर्धी पोळी मोडून ताटात टाकायची. मी म्हणायचो, 'आजी, अर्धी नको.' ती म्हणायची, 'तीन कुणाला वाढतात का? खा मुकाट्यानं.' तसंच बाहेर पडताना. लग्नाची बोलणी करायला तिघे निघाले, तर ती वाटेवरचा एक खडा उचलून एकाच्या हातात द्यायची. 'हा चौथा.' कधी खड्याऐवजी सुपारी असायची. अनेक घरांत अजून हे करतात. बघा, तिघांतला एक कमी केला असता तर दोन झाले असते, पण तसं कुणी करत नाही. चौथा पूर्ण माणूसही शोधत नाही. चौथ्याच्या नावाने थोडंसं काहीतरी सोबत घेतात. तिनावर थोडं.

आता हीच रीत मोठ्या गोष्टींत बघा. आपले मुहूर्त साडेतीन. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा मुहूर्त दिवाळीतल्या बलिप्रतिपदेचा. देवीची पीठं साडेतीन. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीच्या गडावरची सप्तशृंगी, जिचं पीठ अर्धं. सप्तशृंगीला अर्धी का म्हणावी, याच्या कथा घरोघरी वेगळ्या आहेत आणि गडावर जाणाऱ्याच्या भक्तीत त्याने तसूभरही फरक पडत नाही.

माणसांतही तेच. पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवा. पेशव्यांचे कारभारी सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. तीन पूर्ण शहाणे तीन वेगवेगळ्या दरबारांत, एकमेकांविरुद्ध डाव टाकणारे. विठ्ठल सुंदर तर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मराठ्यांकडून मारला गेला, तरी मराठ्यांनी त्याला शहाण्यांच्या यादीतून काढलं नाही. शत्रूच्या अकलेला पूर्ण माप देणारी ही यादी आहे. नाना अर्धे का? बुद्धीत कमी म्हणून नव्हे. ते कलमबहाद्दर होते, तलवारबहाद्दर नव्हते, असं कारण सांगतात. पण गंमत अशी की आज या चौघांतलं नाव विचारलं, तर शाळकरी मुलगाही आधी त्या अर्ध्याचंच नाव सांगतो.

आता शब्दाकडे येतो, कारण या सगळ्याची किल्ली शब्दातच आहे असं मला वाटतं.

संस्कृतात साडेतीनला एक शब्द आहे, अर्धचतुर्थ. प्राकृतात त्याचं अद्धुट्ठ झालं आणि मराठीत येईपर्यंत घासून घासून औट झालं. अडीचही असंच आलं, अर्धतृतीय या शब्दातून. अशोकाच्या शिलालेखात 'अढतियानि' अडीच वर्षांसाठी आलेला आहे, म्हणजे ही मोजण्याची पद्धत किमान बावीसशे वर्षं जुनी. आता या दोन पद्धतींतला फरक नीट ऐका. 'साडेतीन', म्हणजे सार्ध तीन, तीन आणि वर अर्धं. 'अर्धचतुर्थ' म्हणजे ज्यातलं चौथं अर्धं आहे ते. बेरीज तीच, पण बघण्याची दिशा वेगळी. साडेतीन म्हणणारा तिनाकडे तोंड करून उभा आहे. औट म्हणणारा चौथ्याकडे निघाला आहे आणि अर्ध्या वाटेवर आहे.

हे घटिकापात्रावर अगदी स्वच्छ दिसतं. पूर्वी लग्नात घंगाळात पाणी भरून त्यात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मग वाटी काढून पुन्हा सोडायची. औट घटका म्हणजे काय? तीन वाट्या बुडून गेल्या आहेत आणि चौथी पाण्यावर तरंगत अर्धी भरली आहे. सगळी मिळून ८४ मिनिटं. आपण वर्तमानपत्रात वाचतो, 'औटघटकेचं सरकार', 'औटघटकेचं राज्य'. वाचणाऱ्याला कळतं की थोडा वेळ टिकणारं. पण त्या शब्दात साडेतीन हा आकडा बसलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? मी गेली काही वर्षं प्रत्येक व्याख्यानात हात वर करायला सांगतो. आजही सांगणार होतो, पण समोर इतकी जाणती मंडळी बसली आहेत की विचारायला संकोच वाटतो.

दुसरा औट आपल्या अंगावर आहे. औट हात देह. मेल्यावर शेवटी साडेतीन हात जागा लागते, असं आपण म्हणतो. इथे हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप. एका हाताची अंगुळं २४. साडेतीन हातांची झाली ८४. आणि चरकसंहितेत माणसाच्या शरीराची उंची ८४ अंगुळं सांगितली आहे, ज्याची त्याच्याच अंगुळांनी मोजलेली. घरी गेल्यावर भिंतीला टेकून उभे राहा, कुणाला तरी खूण करायला सांगा आणि आपल्याच हाताने मोजा. बुटका असो की उंच, साडेतीन हातांच्या आसपासच माप येतं. फार थोडा फरक पडतो. मला हे माप फार आवडतं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या पट्टीने मोजता येत नाही.

आणि तिसरा औट ज्ञानेश्वरीत आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन येतं. नागिणीचं पिल्लू कुंकवात न्हालं आणि वेटोळं घालून निजलं, अशी उपमा देऊन ज्ञानदेव म्हणतात,

तैसी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी ।
अधोमुख सर्पिणी । निदेली असे ॥

औट वळणी, साडेतीन वेटोळ्यांची. आता अर्थ बाजूला ठेवून फक्त कानाने ऐका. कुंडलिनी, वळणी, सर्पिणी. तीन चरण, तिघांचं यमक जुळलेलं. आणि चौथा? 'निदेली असे.' तोकडा, यमक नसलेला, येतो आणि तिथेच निजतो. ओवी हा छंदच साडेतीन चरणांचा आहे. साडेतीन वेटोळ्यांची गोष्ट साडेतीन चरणांत सांगितली गेली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला नऊ हजारांच्या आसपास ओव्या रचल्या गेल्या त्या या छंदात. चौथा चरणही पूर्ण लांबीचा आणि यमकाचा असता, तर प्रत्येक ओवी दार लावून घेतल्यासारखी संपली असती. हा तोकडा चरण श्वास घ्यायला जागा ठेवतो आणि पुढची ओवी त्या जागेतून आत येते. पारायणात ओव्या सलग म्हणून बघा. थांबावंसं वाटत नाही, त्याचं एक कारण मला या अर्ध्या चरणात दिसतं.

संगीतातले जाणकार इथे आहेत, त्यांनी मला सांभाळून घ्यावं. तीनतालाच्या मात्रा सोळा, विभाग चार. मग त्याला तीनताल का म्हणायचं? कारण टाळ्या तीन आहेत, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. नवव्या मात्रेवर टाळी वाजत नाही, हात नुसता उलटा करून दाखवायचा, ती खाली. तीन जागा ऐकू येतात, चौथी फक्त दिसते. आजीच्या हातातला खडा आणि गवयाचा उलटा हात यांचं काही नातं आहे, हे मी सिद्ध करू शकणार नाही. पण मला ते नातं जाणवतं, आणि तुमच्यापुढे ते बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी औटकीकडे येतो. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलं परवचा म्हणत. आधी पाढे, तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. साडेतिनाचे पाढे पाठ कशाला करायचे? कारण व्यवहार तसा होता. रुपयाचे सोळा आणे. कापड साडेतीन आणे वार, बारा वार घ्यायचं आहे. औटकी पाठ असलेला मुलगा कागद न घेता सांगायचा, बारा औट बेचाळीस, म्हणजे दोन रुपये दहा आणे. दुकानदार फसवू शकायचा नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मग मीटर आणि किलो आले, आणि औटकीचं रोजचं काम संपलं. दशमानाने हिशोब सोपा केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाढा गेला तसा शब्दही गेला. दीड राहिला, कारण दूध दीड लिटर घ्यावं लागतं. अडीच राहिला, कारण अडीच वाजतात. साडेतीनही रोज वाजतात, पण औट वाजेनासे झाले.

एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. इथपर्यंत मी म्हणतो, पण ही नुसती गणितं झाली, म्हणायची चाल यात नाही. गावोगावी चाल वेगळी होती, उच्चार वेगळे होते, कुठे औट, कुठे औठ. इथे ऐंशीच्या पुढची काही मंडळी बसली आहेत, त्यांनी ही औटकी दिव्यापुढे बसून म्हटलेली असेल. माझ्याकडे वही आहे आणि फोनवर आवाज टिपून घेता येतो. चहा तयार आहे असं मला सांगितलं आहे. तो होईपर्यंत मी इथेच, व्यासपीठाखाली या खुर्चीत बसतो. ज्यांना आठवते, त्यांनी माझ्याजवळ यावं आणि एकापासून दहापर्यंत म्हणून दाखवावी.