व्हीसेंटर अपग्रेड: परतीची वाट आधी आखा

नमस्कार. समोर बसलेल्या बहुतेकांनी रात्री दोन वाजता सर्व्हर रूमच्या गारठ्यात उभं राहून काम केलेलं आहे, त्यामुळे व्हीसेंटर म्हणजे होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारे सर्व्हर, एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, इथून सुरुवात करत नाही. व्हीसेंटर ज्याचा भाग आहे त्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ६.७ चा तर ऑक्टोबर २०२२ मध्येच. तरीही या दोन्हींवर अडकलेले लोक मला भेटत राहतात, म्हणून ८ वर जाण्याच्या नियोजनावर बोला असं आयोजकांनी सांगितलं. त्यावर बोलतोच. पण त्याआधी एक गोष्ट मांडायची आहे, कारण ती मनावर घेतली नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. अपग्रेडचा प्लॅन लिहायला बसलात की पहिलं पान परत येण्याचं लिहा.

मी बघतो ते प्लॅन असे असतात: दहाला सुरुवात, मग पहिला टप्पा, मग दुसरा, मग तपासणी, आणि तळाला एक ओळ, ‘अडचण आल्यास रोलबॅक’, म्हणजे मागे फिरा. ही एक ओळ मला एकदा पहाटेपर्यंत पुरली आहे.

एका संस्थेतली गोष्ट. चौदा होस्टचा क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट, आणि बदलासाठी मिळालेली वेळ, चेंज विंडो, शनिवारी रात्री दहाची. पहिला टप्पा सुरळीत झाला. तुम्हाला माहीत आहे, त्यात जुन्या व्हीसेंटरच्या शेजारी नवं अप्लायन्स, म्हणजे व्हीसेंटरची तयार व्हीएम, उभं राहतं, तात्पुरत्या आयपीवर. दुसऱ्या टप्प्यात जुन्याचा डेटा नव्यात येतो, जुनं बंद होतं, आणि नवं त्याचं नाव आणि आयपी घेतं. जुनं बंद झालं आणि नवं सेवा सुरू करता करता अडकलं. पाऊण तास तीच टक्केवारी. कारण दोन दिवसांनी सापडलं. ज्या होस्टवर नवं अप्लायन्स बसवलं, त्याचा मदरबोर्ड महिन्यापूर्वी बदलला होता. त्यानंतर एनटीपी, म्हणजे घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारी सेवा, कोणी सुरूच केली नव्हती. घड्याळ सात मिनिटं मागे, आणि आम्ही अप्लायन्सची वेळ होस्टवरून घ्यायला सांगितलेली. सिंगल साइन-ऑनचं, म्हणजे एकाच लॉगिनच्या सोयीचं, टोकन घड्याळाच्या वेळेवर अवलंबून असतं. घड्याळं जुळली नाहीत की ते नाकारलं जातं.

पण त्या रात्री कारण शोधायला वेळ नव्हता. ठरलं, परत फिरायचं. नवं बंद करा, जुनं चालू करा. पुस्तकात एवढंच आहे आणि ते बरोबरच आहे. प्रश्न आला तो असा की जुनं व्हीसेंटर आहे कुठल्या होस्टवर? कुठली व्हीएम कुठे आहे ते व्हीसेंटर सांगतं, आणि तेच बंद. डीआरएसने, म्हणजे भार बघून व्हीएम होस्टांमध्ये आपोआप हलवणाऱ्या सोयीने, त्याला कधी कुठे हलवलं ते कोणाच्याच लक्षात नाही. मग एकेका होस्टच्या वेब पानावर लॉगिन करून यादी बघायची. रूटचे पासवर्ड कपाटातल्या रजिस्टरमध्ये होते, त्यातले तीन जुने निघाले. सहा होस्टवर लॉकडाउन मोड, म्हणजे नेटवर्कवरून थेट आत जाताच येत नाही. मॉनिटर आणि कीबोर्डची ट्रॉली ढकलत एकजण रॅकपाशी गेला, दुसरा फोनवर पासवर्ड एकेक अक्षर वाचून दाखवतोय, आणि पंख्यांच्या आवाजात ‘बी’ की ‘डी’ ते कळत नाहीये. अकराव्या होस्टवर सापडलं. घड्याळात साडेतीन.

एक लक्षात घ्या, या सगळ्या वेळात एकही व्हीएम पडली नव्हती. व्हीसेंटर बंद असलं तरी व्हीएम चालूच राहतात, एचए, म्हणजे होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे सुरू करणारी सोय, हीसुद्धा होस्टच्या पातळीवर काम करत राहते. पण व्हीमोशन, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेणं, नाही, डीआरएस नाही, आणि एक वाजताचा बॅकअप फसला, कारण स्नॅपशॉटसाठी, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती टिपण्यासाठी, तो व्हीसेंटरलाच विचारतो.

तेव्हापासून माझं पहिलं पान ठरलेलं आहे. डीआरएस मॅन्युअलवर टाकायचं. मॅन्युअल म्हणतोय, बंद नाही. बंद केलंत तर रिसोर्स पूल, म्हणजे सीपीयू आणि मेमरीची केलेली वाटणी, उडतात. जुनं आणि नवं व्हीसेंटर कुठल्या होस्टवर असेल ते लिहायचं. त्या होस्टवर त्याच दुपारी रूटने प्रत्यक्ष लॉगिन करून बघायचं, आणि कामापुरता लॉकडाउन मोड काढायचा. डिस्ट्रिब्युटेड स्विच, म्हणजे अनेक होस्टचा सामाईक व्हर्च्युअल नेटवर्क स्विच, असेल तर एक इफेमेरल, म्हणजे व्हीसेंटरविना जोडता येणारा, पोर्ट ग्रुप आधीच तयार ठेवायचा, कारण साध्या स्टॅटिक ग्रुपला नवी व्हीएम जोडायला व्हीसेंटर चालू लागतं. आणि हे सगळं कागदावर, छापून, खिशात.

दहाच मिनिटं राहिली अशी खूण झालीय, तेव्हा कबूल केलेलं भरभर सांगतो. ६.७ किंवा ७ वरून थेट ८ वर जाता येतं. ६.५ वाल्यांना मधला टप्पा घ्यावाच लागतो. क्रम कायम: आधी व्हीसेंटर, मग होस्ट. त्याच्याही आधी बॅकअपचं सॉफ्टवेअर ८ ला चालतं का ते बघा. डीएनएसमध्ये नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही नोंदी तपासा. एसटीएस सर्टिफिकेटची, म्हणजे साइन-ऑनचं टोकन देणाऱ्या सेवेच्या सर्टिफिकेटची, मुदत बघा. ६.५ अपडेट २ नंतर नव्याने बसवलेल्या काही ठिकाणी ती दोनच वर्षांची असते, आणि संपली की लॉगिनच बंद.

होस्टचं मात्र वेगळं आहे. ६.७ वरून वर जाताना बूट डिस्कचं पार्टिशनिंगच बदलतं, परत ६.७ वर येता येत नाही. व्हीएमकेलिनक्सचे, म्हणजे लिनक्सवरून घेतलेले, जुने ड्रायव्हर ७ पासून गेले, त्यामुळे जुनं नेटवर्क कार्ड दिसेनासं होऊ शकतं. प्रत्येक मॉडेल सुसंगततेच्या यादीत शोधा. शिवाय होस्ट ८ वर गेला की जुनं ७ चं व्हीसेंटर त्याला सांभाळू शकत नाही, म्हणजे पहिल्या पानावरची वाट तिथे बंद होते. म्हणून व्हीसेंटर झाल्यावर मी किमान एक आठवडा होस्टला हात लावत नाही. डिस्ट्रिब्युटेड स्विचची आवृत्ती आणि व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन, या दोन्हींना मागे जाणं नाही, ते सगळ्यात शेवटी. व्हीएमएफएस, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायच्या डेटास्टोअरची फाइल सिस्टिम, ५ ची जागच्या जागी ६ होत नाही. नवा डेटास्टोअर करून व्हीएम हलवाव्या लागतात, तेवढी मोकळी जागा आत्ताच मागून ठेवा.

लायसन्सचं राहिलं. ७ ची लायसन्स की ८ ला चालत नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून व्हीएमवेअर विकत घेतलेल्या ब्रॉडकॉमने कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलंय. त्याचं गणित मोठं आहे, चहाला भेटा, वही बरोबर आणलीय.